लोणावळ्याचा पाऊस आणि समुद्राचे पाणी

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांस मावळ प्रांत गाडीच्या खिडकीतूनच काय तो ठाऊक असतो. तळेगाव मागे पडले की वाऱ्यात ओलावा जाणवू लागतो. वडगाव-कामशेतच्या दरम्यान भाताची खाचरे दिसतात. मळवलीस डाव्या हातास लोहगड-विसापूरची जोडी व उजव्या हातास कार्ल्याचा डोंगर उभा राहतो. आणि लोणावळ्यास चिक्कीची पुडी घेऊन होते न होते तोच गाडी घाटास लागते. पावसाळ्यात धबधबे पाहावे, ‘काय हे पाणी!’ असे म्हणावे आणि कर्जत येण्यापूर्वी ते विसरूनही जावे, असा ह्या प्रवासाचा शिरस्ता आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू इतकाच की, ह्या पाण्याकडे एकवार हिशेबी दृष्टीने पाहावे. हे पाणी आले कोठून, येथवर पोचावयास त्याला किती शक्ती लागली, आणि तेच आपणांस यंत्राने बनवावयाचे झाल्यास काय भावाने पडेल? मुंबईसारखे शहर समुद्राचे पाणी गोडे करून पिण्याचा बेत करू लागल्यापासून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

ज्यांस सवड असेल त्यांनी प्रथम मळवलीस उतरावे व भाजे गावावरून लेण्यांकडे चढून जावे. चैत्यगृहाची भव्य कमान पाहून मन तृप्त झाले म्हणजे मग तेथील पाण्याच्या टाक्यांकडेही लक्ष द्यावे. बौद्ध भिक्षूंनी वर्षावासासाठी डोंगर कोरले, तेव्हा राहण्याच्या खोल्यांबरोबर पाणी साठविण्याची टाकीही कोरून घेतली. येथील एका टाक्यावरील ब्राह्मी लेखात, महारठी कोसिकीपुत विण्हुदत ह्याने ही ‘पोढी’ दान दिली, असे नमूद आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सरदारास पाणी साठविण्याची जागा हे दानाचे योग्य रूप वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. छिन्नीचे श्रम एकवार झाले की पुढे दरवर्षी पाऊस ते टाके आपणहून भरतो, आणि तेही डोंगराच्या कुशीत, जेथे पाण्याची गरज आहे नेमके तेथेच. कोणी ते खालून वर वाहून आणावयाचे नाही. उंचीवर साठलेले पाणी म्हणजे साठविलेली शक्ती, हे तत्त्व त्या काळच्या पाथरवटाने शब्दांत मांडले नसेल. परंतु हातांनी ते जाणले होते खास.

मळवलीहून लोणावळा हे पुढचेच स्थानक. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडे अधिक उंच असलेल्या ह्या गावी वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून चौसष्ट किलोमीटरांवरील पुण्यास सातशेच्या आसपास. कारण भूगोलाच्या पहिल्या पुस्तकातले आहे. ज्येष्ठात नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरील वाफ घेऊन येतात, सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात व आपले ओझे घाटमाथ्यावर टाकून मोकळे होतात. आपण मात्र ह्या नित्य परिचयाच्या घटनेचा खरा अर्थ क्वचितच लक्षात घेतो. अरबी समुद्राच्या प्रत्येक लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. लोणावळ्यास पडणारे पाणी जवळजवळ निखळ असते. म्हणजे पाऊस हा समुद्राचे पाणी गोडे करण्याचा जगातील सर्वांत जुना व सर्वांत मोठा कारखाना होय. सूर्य ही त्याची भट्टी, आकाश ही त्याची नळी आणि सह्याद्री हे त्याचे थंड भांडे.

ह्या कारखान्यात शक्ती किती खर्च होते, हे जाणण्यासाठी दूर जावयास नको. स्वयंपाकघर पुरेसे आहे. चुलीवर आधण ठेवणाऱ्या प्रत्येक भगिनीस ठाऊक आहे की, पाण्यास उकळी फुटावयास फारसा वेळ लागत नाही. परंतु तेच पाणी पार आटवावयाचे म्हटले तर इंधनाचा फडशा उडतो. तीस अंशांचे पाणी शंभर अंशांवर नेण्यास जी उष्णता लागते, तिच्या साडेसात पटींहून अधिक उष्णता त्याची वाफ करण्यात जाते. घराच्या गच्चीवर हजार लिटरांची टाकी असते, तीच आपण मापासाठी घेऊ. तेवढे समुद्राचे पाणी साध्या रीतीने आटवून झाकणावरचे थेंब गोळा करावयाचे म्हटले तर वीजबिलाच्या भाषेत सुमारे ७०० युनिट उष्णता लागेल. सूर्याचा खर्चही साधारण तेवढाच आहे. तुळशीवृंदावनाभोवतीच्या एक चौरस मीटर जागेवर लोणावळ्यास एका पावसाळ्यात चार हजार लिटर, म्हणजे अशा चार टाक्या, पाणी पडते. आणि तेवढ्यासाठी सूर्याने समुद्रावर अडीच हजारांहून अधिक युनिट उष्णता वेचलेली असते. त्याचे बिल कोणाच्याही नावे येत नाही, म्हणून आपण त्यास फुकट म्हणतो.

जेथे सह्याद्री नाही तेथील लोकांस हे बिल फार पूर्वीपासून चुकवावे लागत आले आहे. एकोणिसाव्या शतकात एडन बंदर मुंबई सरकारच्या अमलाखाली होते. विलायतेच्या वाटेवर आगबोटी तेथे कोळसा घेण्यास थांबत. पण त्या उघड्याबोडक्या खडकावर पाऊस नावापुरता. तेव्हा समुद्राचे पाणी भट्टीवर आटवून, वाफ निववून, ते पिण्यास पुरविण्यात येई. कोळसा जहाजाने यावयाचा आणि पाणी कोळशातून निघावयाचे. त्या पाण्यात मीठ नसे, परंतु कोळशाची किंमत विरघळलेली असे.

पुढे यंत्रशास्त्रज्ञांनी ह्या किमतीवर घाव घालण्यास आरंभ केला. त्यांची पहिली युक्ती अशी: वाफ पुन्हा पाणी होताना घेतलेली सारी उष्णता परत टाकते, तर ती वाया का दवडावी? म्हणून तापलेले खारे पाणी एकामागून एक अशा अनेक कोठ्यांतून नेतात. प्रत्येक पुढील कोठीत हवेचा दाब अधिक कमी ठेवलेला असल्याने तेथे पाणी कमी उष्णतेवरही वाफाळते, आणि ती वाफ निवताना आत येणाऱ्या थंड पाण्यास आगाऊ तापवून ठेवते. एकाच उष्णतेचा असा वारंवार उपयोग केल्याने हजार लिटरांमागील ७०० युनिटांचा खर्च ५० ते ८० युनिट उष्णता व वर पंपांसाठी अडीच ते पाच युनिट वीज इतका उतरतो. वीजघरात एकदा काम करून आलेली हलकी वाफ येथे चालत असल्याने तिची किंमत उंची विजेएवढी धरीत नाहीत. तरीही सारी गोळाबेरीज विजेच्या भाषेत दहा युनिटांच्या वरच जाते. दुसरी एक रीत वाफेसच पंपाने दाबून तापविण्याची आहे. तिला सात ते बारा युनिट वीज लागते.

तिसरी रीत ह्या सर्वांहून निराळी. तीत चूल नाही, वाफ नाही. पाणी आरपार जाऊ शकेल परंतु क्षार अडतील असा अतितलम पडदा घ्यावयाचा आणि त्यावर खारे पाणी प्रचंड दाबाने रेटावयाचे. हल्ली घरोघरी ‘आरओ’ ह्या नावाने जे यंत्र भिंतीवर दिसते, त्याचे तत्त्व हेच. असा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब व मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन ह्यांनी प्रथम सिद्ध केला. आरंभी, म्हणजे १९७० च्या सुमारास, हजार लिटरांस पंधरा युनिटांच्या आसपास वीज लागे. आज समुद्रातून पाणी ओढण्यापासून गोडे पाणी हाती पडेपर्यंत सारे मिळून तीन ते चार युनिटांत भागते. अर्धे पाणी गोडे म्हणून काढून घ्यावयाचे झाल्यास निसर्गनियमाने लागणारी कमीत कमी शक्ती सुमारे एक युनिट आहे. तिच्या खाली कोणाही शास्त्रज्ञास जाता येणार नाही. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे दिवसास ६३ लक्ष लिटरांचा जो प्रकल्प उभारला, त्यात ४५ लक्ष लिटर अनेक कोठ्यांच्या रीतीने व १८ लक्ष लिटर पडद्याच्या रीतीने काढण्याची योजना होती. दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवून पारखण्याची ती उत्तम सोय म्हणावी लागेल. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० साली व नेम्मेली येथे २०१३ साली दिवसास प्रत्येकी दहा कोटी लिटरांचे पडद्याचे कारखाने सुरू झाले. मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे योजिलेला कारखाना आरंभी दिवसास वीस कोटी लिटरांचा, व पुढे दुप्पट करता येईल असा आहे.

पडद्यावर घालावयाचा हा दाब म्हणजे काय, हे आकड्यांवरून मनात ठसत नाही. ते डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीस यावे. खंडाळ्याच्या कड्यावरून खोपोलीच्या वीजघराकडे उतरणारे लोखंडी नळ पुष्कळांनी दुरून पाहिले असतील. मुंबईच्या गिरण्या धुराच्या कोळशावर न चालविता सह्याद्रीच्या पाण्यावर चालवाव्या, हा जमशेदजी टाटांचा मनोदय. १९०४ साली ते निवर्तले. चिरंजीव दोराबजींनी तो तडीस नेला. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्ते लोणावळ्यास पायाचा दगड बसला आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोचली. शिरोत्याचे पाणी बोगद्यातून वळवणच्या तलावात येते. वळवण व लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खंडाळ्याकडे जाते आणि तेथून नळांवाटे पाचशे मीटर खाली कोसळते. नळाच्या तळाशी पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट होतो. आणि समुद्राच्या पाण्यासाठी पडद्यावर घालावा लागणारा दाब पंचावन्न ते सत्तरपट असतो. म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करणे हे, त्यातील प्रत्येक थेंबास खंडाळ्याच्या कड्याहूनही उंच चढविण्यासारखे आहे! साम्य येथेच संपत नाही. खोपोलीस दाबाचे पाणी पेल्टन जातीच्या चाकावर सोडून वीज करतात. पडद्यामागे उरलेल्या खारट पाण्यातील दाब वाया जाऊ नये म्हणून आरंभीच्या कारखान्यांतही तेच चाक बसवीत. अलीकडे त्याहून चतुर साधने निघाली, आणि पंधरा युनिटांचे तीन-चार होण्यास त्यांचा व सुधारलेल्या पडद्यांचा मोठा हातभार लागला.

आता जमाखर्च मांडू. लोणावळ्याची हजार लिटर पाण्याची टाकी पाचशे मीटर खाली सोडली असता यंत्रातील घट वजा जाता आपणांस एक ते सव्वा युनिट वीज मिळते. तेच हजार लिटर समुद्रातून परत मिळवावयाचे झाल्यास तीन ते चार युनिट मोजावे लागतात. आणि ते पुन्हा लोणावळ्याच्या उंचीवर नेऊन सोडावयाचे म्हटले तर पंपांस आणखी दोन युनिटांहून अधिक. सव्वा रुपयास विकलेली वस्तू परत घरी आणावयास पाच-सहा रुपये पडावे, असा हा व्यवहार आहे. दुसऱ्या बाजूने पाहू. मनोरीचा वीस कोटी लिटरांचा कारखाना दर हजार लिटरांस साडेतीन युनिटांप्रमाणे दिवसास सात लक्ष युनिट वीज घेईल, म्हणजे अहोरात्र सुमारे २९ मेगावॉट. खोपोलीच्या वीजघराची सारी शक्ती ७२ मेगावॉट. तानसा-वैतरण्याचे पाणी मुंबईस बहुतांशी उतारानेच चालत येते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या आकड्याचे मोल समजावून सांगावयास नको.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, खोपोलीस पाणी सोडणे हीच मुळी चूक. न्यायबुद्धीने तसे म्हणता येणार नाही. सायंकाळी मुंबईतील सर्व दिवे एकदम लागतात, तेव्हा क्षणार्धात हाकेस ओ देणारी वीज पाण्याचीच. तिचे मोल नुसत्या युनिटांच्या संख्येवर ठरत नाही. शिवाय वीजघरातून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेत जाते आणि त्यामुळे ती नदी उन्हाळ्यातही वाहती राहून खालच्या वस्तीस व कारखान्यांस उपयोगी पडते. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे पाणी स्वभावतः पश्चिमेचे नव्हे. लोणावळ्यानजीक कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेस वळते. देहू-आळंदीस पावन करून तुळापुरास भीमेस मिळते. भीमा उजनीच्या धरणावरून पंढरपुरास व पुढे कृष्णेस जाते, आणि हजाराहून अधिक किलोमीटर भूमी भिजवीत ते पाणी बंगालच्या उपसागरास पोचते. घाटाखाली वळविलेला प्रत्येक थेंब पूर्वेकडील त्या कोरड्या भूमीस अंतरतो. ठोकरवाडीचे पाणी भिवपुरीस उतरते, मुळशीचे भिऱ्यास. हे पाणी पूर्वेस वळवावे, अशी मागणी अवर्षणग्रस्त भागातून वारंवार होते ती ह्याच कारणाने.

आणि ह्या हिशेबात एक रकमी खर्च असा आहे, जो कोणत्याच युनिटांत मोजता येत नाही. शेजारच्या मुळशी पेट्यात धरणाखाली गावे बुडू लागली, तेव्हा १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, जमिनी गेल्या. त्यानंतर नव्वद वर्षांनी पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी रस्त्यावर आले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. सहलीस जाणारी आमची कुटुंबे ज्या रस्त्याने तास-दीड तासात लोणावळा गाठतात, तोच हा रस्ता. शहराची तहान खोटी नव्हती. पण आपल्या उशाशी वाहणारी नदी नळात शिरली तर काठच्या विहिरींचे व शेतांचे काय, हा शेतकऱ्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण धरणांच्याच मुलखात जन्मावी, ह्यात नवल ते काय?

येथेच समुद्राच्या पाण्याचा हिशेब उपयोगी पडतो असे आम्हांस वाटते. आजवर डोंगरातील पाण्यास किंमत नव्हती. ज्याचे नळ मोठे त्याचे पाणी. आता मात्र तराजूच्या एका पारड्यात घालावयास वजन सापडले आहे. समुद्रकाठच्या शहरास हजार लिटर गोडे पाणी तीन-चार युनिटांत, अवर्षणाची भीती न बाळगता, आपल्या दारात मिळू शकते. ते महाग आहे. त्यातून उरणारे दुप्पट खारट पाणी खाडीत सोडताना कोळीबांधवांच्या जाळ्यांचाही विचार करावा लागेल. परंतु ते अशक्य नाही. उलट घाटमाथ्यावरील खेड्यास समुद्राचे पाणी वर आणून पिणे कधीच परवडावयाचे नाही. तेव्हा उंचीवरचे पाणी प्रथम उंचीवरच्यांचे व त्या खोऱ्याच्या उतारावरच्यांचे. समुद्रकाठच्यांनी आपल्या गरजेचा काही भार समुद्रावर घालावा व त्यासाठी लागणारी वीज जमेल तितकी सूर्याकडूनच घ्यावी, ही वाटणी शक्तीच्या हिशेबानेही शहाणपणाची ठरते, न्यायाच्या हिशेबाने तर ठरतेच.

आणि ज्यांच्या हाती ना धरण, ना कारखाना, अशा आपणां कुटुंबवत्सल मंडळींसही ह्यातून एक माप लाभते. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, किंवा महिनोन्महिने ठिबकणाऱ्या तोटीतून तेवढे पाणी गेले, म्हणजे जे वाया गेले ते परत मिळवण्याची सर्वांत स्वस्त रीतही तीन-चार युनिटांची आहे. आणि त्याच्या मागे सूर्याच्या भट्टीतील सुमारे सातशे युनिट आहेत. भाज्याच्या डोंगरात पोढी कोरून देणाऱ्या महारठीस हे आकडे ठाऊक नव्हते. परंतु पाणी पडते तेथेच ते धरून ठेवणे हे पुण्यकर्म आहे, असे त्याने मानले. त्याच्या श्रद्धेस आज गणिताचा आधार मिळाला आहे, एवढाच काय तो फरक.